शिवणवालीची खुर्ची

मी, या घराची मालकीण, गल्लीत 'जोडवाल्या काकू' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही भरीला न पडता लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत. डोके जागेवर आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला आणि मुलीला समान. भांडू नये, भांडण्याइतके त्यात काही नाही.

२. तुटके प्लास्टिक जोडण्याची माझी सोल्डरिंग गन, तारेच्या जाळीचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचे डबे सुनेला. तिचा हात स्थिर आहे. मुलाला देऊ नये. गन तापायच्या आत तो स्वतः तापतो.

३. समोरच्या शिवणवालीबाबत. आमचे हे हयात असताना तिच्या घरातली प्रत्येक मोडकी वस्तू यांच्याच हातून माझ्या टेबलावर येई. आधी बादली, मग पंख्याची जाळी, मग शिलाई मशीनचे झाकण. "बिचारी एकटी आहे गं," म्हणत. मी धुरात भेगा सांधायच्या आणि यांनी वस्तू पोचवायला जाऊन तासाभराने हसत परतायचे. माझा हात भाजला तर नुसते "जपून". तिला सुई टोचली, ते मात्र मला दोनदा सांगितले. यांच्या मनात काय होते, मी विचारले नाही. उत्तर ऐकायची छाती नव्हती.

४. हे गेल्यावर ती पहिल्यांदा स्वतः आली. हातात प्लास्टिकची खुर्ची, मागचा पाय मोडलेला.

"ताई, ते यावर बसायचे. टाकवत नाही हो."

अंगाचा तिळपापड झाला. दार लावून घेणार होते. पण मग ती खुर्ची कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली असती. ठेवून घेतली. भेगेला दोन्ही बाजूंनी खाच पाडली, जाळी पुरली, वर पट्टी वितळवली. इतका चांगला जोड मी जन्मात दिला नव्हता. मग दुपारभर त्या खुर्चीवर बसून राहिले.

असला जोड घटकाभरात थंड होतो. "अजून पक्का नाही झाला," असे मी तिला वर्षभर सांगत आहे. तिलाही कळते. तरी ती विचारायला येते, स्टुलावर बसते आणि यांच्या गोष्टी काढते. मी खुर्चीवरून उठत नाही.

सबब सदर खुर्ची माझ्या पश्चात शिवणवालीला द्यावी. एक दिवसही आधी नाही.

सही: जोडवाल्या काकू
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले २. निवृत्त पोस्टमास्तर
(शिवणवाली साक्षीला तयार होती. मी नको म्हटले.)
स्थळ: राहते घर, खिडकीजवळ
दिनांक: सात मार्च