गाइडाशिवाय टेक

तंजावूर, मंगळवार, संध्याकाळ

जिंकले! आधी हे लिहिते, मग सांबाराला फोडणी.

महिनाभर हेडमिस्ट्रेसबाईंचं एकच पालुपद. 'टेक' या इंग्रजी क्रियापदाचे बावीस अर्थ लाल गाइडातून मुलींकडून पाठ करून घ्या, नाहीतर सातवीचं इंग्रजी दुसऱ्या टीचरला देईन. मी गाइड उघडलंच नाही. माझ्या वर्गात खडू घेताना, रजा मागताना, हजेरी घेताना मुलींनी 'टेक' वापरायचं, बस. चुकत होते का मी? सकाळपर्यंत खरंच धाकधूक होती.

आज बाई ते लाल गाइड घेऊन स्वतःच परीक्षा घ्यायला आल्या. दोन जिने चढून धापा टाकत होत्या. उठवलं नेमकं सेल्वीला. पापनाशमहून बसने येते, जूनपासून वर्गात तोंड उघडलेलं नाही.

"टेकचे अर्थ सांग."

सेल्वी पुढे आली, माझी खुर्ची बाईंकडे सरकवली. "टेक अ सीट, मिस." स्वतःची बाटली दिली. "टेक सम वॉटर." बाई बाटली ओठांना न लावता वरून प्यायल्या, घाईने बोलायला गेल्या आणि त्यांना ठसका लागला. तर ही म्हणते, "टेक युवर टाइम, मिस."

बाई चक्क हसल्या! "सातवी तुमच्याकडेच राहू दे," म्हणाल्या.

लाल गाइड मात्र माझ्या टेबलावरच विसरल्या. उद्या सेल्वीच नेऊन देणार. काय म्हणून देशील, विचारलं, तर लगेच म्हणाली, "टेक इट बॅक, मिस."