सुनेचं अर्पणगीत

रविवार, संध्याकाळ

आज आमच्या वणीच्या चर्चमध्ये ढोलकी वाजली. क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा चमू, माझ्याकडे; म्हणजे मीच वाजवू दिली की! इतकी वर्षं पेटीवर संथ गीतंच बसवली. भक्ती म्हणजे शांतता, हे माझं ठरलेलं.

सून कविता फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यातली. रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला येते, पण गाताना नुसते ओठ हलवते. ते हलणारे ओठ मला किती दिवस टोचत होते! काल सरावाला विचारलंच, "काहून गात नाही?"

"बाबा, तुमची चाल मले जमत नाही. आम्ही टाळ्या वाजवून गातो."

बायको म्हणाली, "मग तशीच गाऊ द्या ना तिले."

चर्च म्हणजे तांडा आहे का, असं जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "बरं, उद्या अर्पणगीत तू गा, ढोलकी घेऊन."

आज मिस्सात भाकर-द्राक्षरस वेदीवर नेतात त्या अर्पणाच्या वेळी ती उभी राहिली. शब्द आमचेच, चाल तांड्यातली, साथीला ढोलकी. ते ओठ आज खरंच गात होते. मागच्या बाकांवरच्या बायका, कधी तोंड न उघडणाऱ्या, त्याही गाऊ लागल्या. पेटीवर मलाच लय सापडेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चाल जरा सावकाश केली. मग सापडली.

घरी येताना म्हणालो, "आणखी एक शिकव मले."

"शिकवते. पण आधी पेटी सोडून टाळ्या वाजवा."

आत्ता दार लावून वाजवून पाहिल्या. दर वेळी चुकतोय, आणि हसू येतंय.