प्रकाशशिल्पाची पूर्ण फेरी

सोमवार, १३ ऑक्टोबर

वेस्ट विंडसरला पोचले. फ्रीमाँटचं बिऱ्हाड गुंडाळून न्यूयॉर्कच्या लिलावघरात रुजू झाले त्याला महिनाही झाला नाही, आणि पहिलंच काम हे असं शाही! आमचे ग्राहक राजेशकाका, त्यांच्याकडचं फिरतं प्रकाशशिल्प बघायचं आणि हिवाळ्यातल्या लिलावासाठी त्याची किंमत ठरवायची. मुक्काम त्यांच्याच घरी. माझं हॉटेल त्यांनी परस्पर कॅन्सल केलं. रस्त्याच्या दुतर्फा मेपल लालपिवळे पेटलेत. बघूनच प्रवासाचा शीण गेला.

त्यांच्या बायकोला, सुहासिनीकाकूंना, अजिबात दिसत नाही. पण त्यांच्या हातचे पोहे खाल्ले आणि किती दिवसांनी कुणीतरी माझे लाड केले असं वाटलं.

शिल्प तळघरात, काचेच्या खोलीत आहे. मोटरवर पितळी चकत्या फिरतात आणि मागचा प्रकाश त्यांच्यातून झिरपून भिंतींवर सरकतो. रंग नाही, नुसता राखाडी उजेड. आमच्या धंद्यात बंद शिल्पाची किंमत कुणी करत नाही. फोन बाहेर ठेवायचा, एकटीनं बसायचं आणि पूर्ण फेरी बघायची. तीही रोज, कारण मोटर दमते, दिवे मंदावतात. बाकीचे यंत्रानं मोजतात, मी डोळ्यांनी. रंगाच्या बाबतीत माझ्या नजरेतून काही सुटत नाही, आणि त्याचा मला चांगलाच माज आहे.

मंगळवार

आज शिल्पात पिवळा उतरला! ताज्या हळदीसारखा. काकांचं म्हणणं, जुने दिवे तापायला वेळ लागतो. मला पटलं नाही, पण रंग इतका देखणा की वाद घातला नाही.

दुपारी काकू वरणात हळद घालायला विसरल्या होत्या. तसं सांगितलं, तर त्यांचा वाढता हात थांबला. घातलीय गं, एवढंच हळू म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. आंधळ्या बाईशी रंगावरून काय भांडायचं!

बुधवार

लाल आला. असा लाल मी उभ्या जन्मात पाहिला नाही. किमतीचा अंदाज दुप्पट केला. वर येऊन सांगितलं तर काका लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

संध्याकाळी रूट वन हायवेवर पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट कळलेच नाहीत. पेटले होते, पण राखाडी. थोडक्यात वाचले. घराबाहेरचे मेपलही राखाडी. खूप भीती वाटतेय.

गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. दोष नाही, थकवा असेल म्हणाले. आता हिरवाही गेलाय. रंग दिसतात ते फक्त शिल्पात. मनात भलतंच काहीतरी येतंय, ते मी लिहिणार नाही.

रिपोर्टसाठी रंगांचा तक्ता शिल्पाशेजारी धरून छटा जुळवावी लागते. तक्ता मला अख्खा राखाडी दिसतो. ऑफिसला सांगू? रंग न दिसणाऱ्या बाईला नोकरीवर कोण ठेवील? अब्रू जाईल ती वेगळीच. म्हणून आन्याला बोलावलंय. माझी लेक न्यूयॉर्कला डिझाइन शिकते. नजर माझ्यापेक्षा तिखट. ती फेरी बघेल, छटा सांगेल, सही मी करीन. कुणाला कळणारही नाही.

काकांना सांगितलं तर फार खूश झाले. तिचं वय विचारलं.

शुक्रवार

आन्याला प्रिन्सटन जंक्शनवरून घेऊन आले. चेहरा धुरकट दिसला तिचा. तिला काही बोलले नाही. मी ऑफिसच्या फोनवर होते तेवढ्यात काका तिला खाली घेऊन गेले —

काकूंनी आत्ता सांगितलं. रडत. पहिली फेरी त्यांनीच पाहिली होती. आधी रंग गेले, मग डोळे — सगळं त्या शिल्पानं ओढलं. नव्या डोळ्यांनी ते भरलं की तुझे परत देईन, असं काका त्यांना म्हणाले होते. माझ्या एकटीचे पुरले नाहीत. म्हणून त्या गप्प बसल्या. मला पोहे वाढत गप्प बसल्या —

तळघर. काचेचं दार आतून बंद. आन्या खुर्चीत, मोटरची घरघर नको म्हणून कानांवर हेडफोन. काका स्विचपाशी, डोळ्यांवर पट्टी. काच फुटत नाही. मी हात हलवला — तिनंही हलवला. हसली. या वहीतच लिहिते, मोठ्या अक्षरांत —

आन्या डोळे मिट

आन्या डोळे मिट

काचेला धरलं. बघितलं तिनं. भुवया उंचावल्या, अंगठा दाखवला —

देवा, हिला मराठी वाचता येत नाही — इंग्रजीत — पटकन — चकत्या फिरल्या — ती तिकडे वळ