काजू फॅक्टरीतल्या ताणाचा शोध

मालवण, मंगळवार

पुण्याचे आरोग्य-सल्लागार आणि आमच्या बहिणीचे एकुलते एक रत्न चि. नेव्हिल यांस रॉक अंकलचे आशीर्वाद.

तुझी तब्येत उत्तम असणारच. दुसऱ्यांच्या तब्येतीवर जगणाऱ्यांची सहसा असते. इकडे तुझी सेवरीना आंटी मजेत आहे आणि माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. त्याला कारण तू, म्हणून सविस्तर लिहितो.

ईस्टरला तू आमचीच फेणी पीत मला सांगितलंस, की कामगारांच्या आरोग्यावर एक रुपया घातला की तीन परत येतात. (आमच्या धंद्यात एक रुपया घातला की काजू येतो, तोही किडका.) मी हसलो. पण त्याच आठवड्यात फॅक्टरीतल्या बायकांची कंबर, डोकं आणि सासू आळीपाळीने दुखायला लागली, आणि यमुनाबाई कुडाळच्या नव्या फॅक्टरीत जाणार अशी बातमी आली. यमुनाबाई म्हणजे काजू फोडण्यात आमचा उजवा हात. ती गेली की तिच्या वाडीतल्या बारा जणी मागोमाग जाणार आणि काजू फोडायला मी आणि तुझी आंटी उरणार. मला खरोखर घाम फुटला. तुझा तो कामगारांच्या आरोग्याचा कार्यक्रम मागवला.

आधी तो ताणाचा फॉर्म. नाव लिहायचं नाही, कामावर ताण कशामुळे येतो तेवढंच लिहायचं. मी प्रत्येकीच्या पाठीशी उभा राहून नीट भरून घेतला. (वेळ लावतात म्हणून दोनदा ओरडलोही.) सगळ्यांनी लिहिलं, ताण नाही. मग शुभारंभ. आपण ख्रिस्ती असलो तरी फॅक्टरीत नवं काही सुरू करताना भट्टीवरचे आबा देवाला गाऱ्हाणं घालतात, हा रिवाज माझ्या वडिलांपासूनचा. सगळे हात जोडून उभे राहिले आणि आबांनी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, हंय राबणाऱ्या बायांच्या डोक्याक जी काय पीडा आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी पीडा सकाळी आठाक जीपीतसून उतारता आणि सांजपर्यंत बोंबलता, तिका खंय तरी लांब ठेव रे म्हाराजा!"

एवढा मोठा होकार मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यात माझाही आवाज होता; सवय असते रे. अर्थ डोक्यात शिरेपर्यंत नारळ फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीपमधून उतरताना माझा पाय मोडला.

तेव्हापासून मी घरी आहे आणि फॅक्टरीत सेवरीना बसते. ती कोणाला काही बोलत नाही, दुपारी सगळ्यांबरोबर चहा पिते. महिन्याभरात एकही गैरहजेरी नाही, काजूगर अख्खे निघतात, तुटक्या काजूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुझं गणित बरोबर निघालं, अभिनंदन. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं मी समजत होतो की फॅक्टरी माझ्या आवाजावर चालते.

तुझा,
रॉक अंकल

ता. क. परवा प्लास्टर निघतंय. तुझ्याकडची पाहुण्यांची खोली रिकामी आहे का? फक्त नाताळपर्यंत. मासे नसले तरी चालवून घेईन.

ता. क. २. सेवरीनाने माझी बॅग आजच भरली. परतीचं तिकीट मात्र काढू नकोस. कुडाळच्या मालकाने काल पुन्हा विचारणा केली, तेव्हा यमुनाबाईने निरोप धाडला, "आमचो शेठ परत इलो की मगे सांगतंय."