मी मानपान सोडला

५ नोव्हेंबर १९७८, रविवार
गोदाघाटावर प्रवचन ऐकलं. महाराज म्हणाले, घरात आणि मनात अडगळ असेल तर शांती येणार कुठून? थेट माझ्याकडेच बघत होते. महिन्याभरात दोन्ही रिकामं करायचं. शैलाला सांगितलं. ती म्हणाली, आधी माळ्यावरची तुमची रद्दी काढा. संसारी बाईची झेप तेवढीच.

७ नोव्हेंबर
प्रारंभ कपड्यांपासून. बायडाबाई बोहारीण दारावर आली. तीन विजारी आणि कोट पुढे टाकला. ती वाटी देऊ लागली. मी स्टीलच्या पातेल्यावर अडून बसलो. दीड तास. शेवटी पातेलं मिळालं, पण वर शैलाची एक साडी घालावी लागली. ऑफिसात लेटमार्क. शैला सकाळपासून बोलत नाही. घरात शांतीला सुरुवात झाली म्हणायची.

८ नोव्हेंबर
पातेल्याला झाकण नाही. बायडाबाईला शोधत भद्रकालीपर्यंत गेलो. ती म्हणाली, झाकनाचे अजून दोन शर्ट पडतील, साहेब. दिले. आता ऑफिसला एकच शर्ट उरलाय.

१२ नोव्हेंबर, रविवार
वस्तूंचं सोडा. खरी अडगळ मनातली. धाकटा भाऊ गंगाधर सिन्नरला असतो, अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. त्याच्या मुलाच्या मुंजीत त्याने फेटा आधी मेहुण्याला बांधला, मग मला. मी ते मनात ठेवलेलं नाही. जिलबीचं ताट माझ्यापुढून दोनदा तसंच गेलं, तेही विसरलोय.

१३ नोव्हेंबर
गंगाधरला क्षमा करून टाकली. पोस्टकार्ड घेतलं होतं, पण त्याचे अपराध नऊ निघाले, म्हणून अंतर्देशीय पत्र आणलं. शेवटी लिहिलं: मानपान, आग्रह, फेटे मी सोडले आहेत. यापुढे थोरला म्हणून माझं काही करू नये. वाचून माझेच डोळे भरले. शैला म्हणाली, शेवटची ओळ खोडा, तो खरंच तसं करेल. तिला वैराग्य कळत नाही.

१७ नोव्हेंबर
उत्तर नाही. मी शांत आहे. पोस्टमनला फक्त दोनदा विचारलं.

२० नोव्हेंबर
उत्तर नाही. पोस्टमन हल्ली आमच्या गल्लीत मागच्या बाजूने शिरतो. दहावा अपराध आठवला. आधी आठवला असता तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
पत्रिका आली! पुतणीचं लग्न, ३ डिसेंबर, सिन्नर. सोबत गंगाधरची चिठ्ठी: दादा, तुझं पत्र देवापुढे ठेवलंय. जरूर ये. तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही.
वैराग्याचा असा प्रभाव पडतो. जाणार, पण साक्षीभावाने. मागच्या रांगेत बसायचं. ओढून पुढे नेतीलच. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं.

२ डिसेंबर
शेजाऱ्याचा कोट मागून आणला. फेटा बांधल्यावर चष्मा नीट बसतो का, ते पंचा गुंडाळून बघितलं. शैलाने बघितलं आणि पंचा धुवायला मागितला.

३ डिसेंबर, संध्याकाळी ७
सिन्नरहून परत. मागच्या रांगेत बसलो होतो. कोणी ओढलं नाही. फेटे मेहुण्याला बांधले, व्याह्यांना बांधले, पुंजाराम नावाच्या कुणा शेजाऱ्यालाही बांधला. गंगाधर फेट्यांचं ताट घेऊन माझ्यापर्यंत आला, वाकून नमस्कार केला आणि पुढे गेला.
पंगतीत मी जिलबीला नको म्हटलं. आपल्याकडे पहिल्या नकोला कुठला वाढपी थांबतो? हा थांबला. गंगाधरने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, दादाला आग्रह करू नका, त्याला त्रास होतो.
स्टँडवर पोचवायला आला. अकरा वर्षांत केस पिकलेत त्याचे. मला सांगायचं होतं, बांध की रे मलाही एक. म्हणालो, कार्य छान झालं. त्याने पाया पडून विचारलं, दादा, तुझ्या मनाविरुद्ध काही झालं नाही ना?
लहानपणापासून या माणसाने माझं एक ऐकलं असेल तर शपथ. ऐकून ऐकून हेच ऐकलं.