चौदा डब्यांची हाडं

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.४०
कचरेवालीने आज भर जिन्यात माझा अपमान केला. आमची पिशवी उघडून नाकासमोर धरली आणि म्हणाली, काका, हाडं यात कशाला कोंबली? हाडांची पिशवी वेगळी, ती मी मंगळवारी-शनिवारी नेते, किती वेळा सांगू? तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई पायरीवर उभ्या होत्या. रिटायर झाल्या तरी दुसऱ्याच्या चुका काढायची सवय जात नाही. त्या हसल्या. दात दिसले नाहीत, पण हसल्या.
बायको म्हणाली, अहो, एक वेगळी पिशवी लावा, संपलं. हिला अपमान कळतच नाही.
ठराव: आजपासून या घरातला एक कणही कचरेवालीच्या हाती लागणार नाही. हाडं, साली, उष्टं, सगळं घरातच मातीला द्यायचं. मातीतून आलं, मातीत जाईल. देवाची योजना इतकी साधी आहे. मध्ये एक बाई उभी करायला त्याने सांगितलेलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
मी कामाला आहे त्या ट्रकच्या वजनकाट्यावर एक ट्रकवाला रंगाचा रिकामा ड्रम टाकून गेला होता. सुटल्यावर तो घरी आणला. तळाला भोकं पाडून स्वयंपाकघराच्या गॅलरीत ठेवला. खाली माती, वर पालापाचोळा.
लेकीने फोनमध्ये बघून सांगितलं, की बाबा, यात हाडं टाकायची नसतात. तिला म्हटलं, फोन निघायच्या आधीपासून माती आहे. गावच्या शाळेत शिकलो म्हणून लोकांना वाटतं याला काय कळतं. आमच्या शाळेला भिंती तीनच होत्या, पण चौथ्या बाजूला शेत होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
बायको जेवणाचे डबे पुरवते. गिऱ्हाईकं चौदा. शुक्रवारी आणि शनिवारी मटण. डबा न धुता परत द्या, अशी सवय तिनेच लोकांना लावली. त्यामुळे चौदा घरांत चघळलेली हाडं संध्याकाळी आमच्या घरी येतात. वजन केलं. दोन किलो तीनशे. सगळी ड्रममध्ये. वर माती लोटली, हात जोडले.
बायको म्हणाली, अहो, या डब्यांवर लेकीचं नर्सिंग चाललंय, एवढं लक्षात असू द्या. हिला पुढचं दिसत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
ड्रमला वास येऊ लागला. शुभ लक्षण. झाकणावर हात ठेवला तर कोमट लागलं, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं. आत काम चालू आहे. बायको गॅलरीचं दार लावून फोडणी देते आणि घाम पुसत माझ्याकडे बघते. दार उघडायला तिला कोणी मनाई केलेली नाही.
मास्तरीणबाईंनी खालून विचारलं, वर कोणी आजारी आहे का? टोमणा. देवापुढे बसून त्यांच्यासाठी सद्बुद्धी मागितली. ती शिल्लक नसेल तर गुडघेदुखीही चालेल, असं म्हटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
ड्रममध्ये गांडुळं झाली! विकत न आणता! लेक म्हणाली, बाबा, गांडुळं पांढरी नसतात, या अळ्या आहेत. म्हटलं, पिल्लं असतील. लहानपणी सगळेच गोरे दिसतात.
डबे बारा. दोघांची बदली झाली म्हणे. एकाच दिवशी.

शनिवार, १५ नोव्हेंबर
ड्रम काठोकाठ. उकरून बघितलं. साली गेल्या, हाडं जशीच्या तशी. यात माझी चूक नाही, हाडं हट्टी आहेत. नवा मार्ग: गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत घालायची, मग दळून पूड मातीत मिसळायची. चार वाजता चादर अंथरली. मन प्रसन्न.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपार
कावळे. यांना कोणी सांगितलं?
मास्तरीणबाई वर आल्या. हातात स्टीलचं ताट, ताटात हाडं. म्हणाल्या, अकरा आहेत, मोजून घ्या. एक माझ्या चहात पडलं होतं, ते धुऊन आणलंय. मोजली. अकराच होती. बाई हिशेबाला पक्की आहे. शत्रूचे गुण मान्य करावेत.
बायकोने त्यांची माफी मागितली. माझ्या वतीने! मला न विचारता! याचा निषेध म्हणून दिवसभर अबोला धरला. संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
उरलेली हाडं मिक्सरमध्ये फिरवली. आधी मोठा आवाज झाला, मग आवाज झालाच नाही. हल्ली वस्तू दणकट बनवत नाहीत. बायको म्हणाली, उद्याचं वाटण मी दातांनी करू का? असं ती पूर्वी बोलत नसे. ही शिकवणी खालच्या मजल्यावर चालते.
डबे नऊ.

गुरुवार, २० नोव्हेंबर
ड्रमच्या भोकांतून काळं पाणी गळतं. उत्तम खत. लोक बाटलीतून विकत आणतात. मास्तरीणबाईंच्या दोरीवरच्या चादरींना ते फुकट मिळालं. आभार नाहीत. ओरडल्याही नाहीत. फक्त माझ्या बायकोला चहाला बोलावलं. हीच खरी चाल.
खाली जाऊन चार शब्द सुनावायचे ठरवलं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिले. दारापाशी पोचलो तर आत दोघी हसत होत्या. हसणाऱ्या माणसाला उपदेश लागू पडत नाही, म्हणून परत आलो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
शिंप्याच्या डब्याच्या झाकणात अळी निघाली. तो स्वतः डबा घेऊन आला. जिन्यातूनच म्हणाला, वहिनी, सहा वर्षं तुमच्या हातचं खाल्लं, एक खडा दाताखाली आला नाही. आता झाकण उघडायचीच भीती वाटते. मी मध्ये पडून समजावलं, की ते गांडूळ आहे, शेतकऱ्याचा मित्र. तो म्हणाला, मी शिंपी आहे.
डबे चार. बायको रडली नाही. ओटा पुसला, फडकं पिळलं आणि म्हणाली, एक तर गॅलरीत तुमचा ड्रम राहील, नाहीतर या ओट्यावर माझा स्वयंपाक. सोमवारपर्यंत ठरवा.

रविवार, २३ नोव्हेंबर
शांत चित्ताने विचार केला. ड्रम हलवला तर कचरेवाली जिंकली. देवाला म्हटलं, माझं चुकत असेल तर खूण दाखव. पाच मिनिटं दिली. तेवढ्यात ड्रमचं झाकण उडून खाली पडलं, पण ते आतल्या वाफेने. बाकी काही घडलं नाही. म्हणजे देवाची हरकत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.३०
नमली! कामावरून आलो तर ओटा मोकळा. शेगडी नाही, पातेली नाहीत, मसाल्याच्या बरण्या नाहीत. एक शब्द न बोलता तिने मला जागा करून दिली. दुसरा ड्रम इथे सहज बसेल. तिच्या मोठेपणाची नोंद करून ठेवतो.
मायलेकी घरी नाहीत. बाजारात गेल्या असतील.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. सकाळ
अजून बाजारातच.
फोन केला. लेकीने उचलला. म्हणाली, बाबा, आई खाली बाईंच्या ओट्यावर आहे, फोडणी टाकलीये, नंतर बोलते. मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, हळद जरा कमी घाल गं. म्हणजे आता माझ्या बायकोच्या हळदीतही चुका काढणार!
असो. माझं मी करून खाईन. शेगडी नाही, एवढंच.

बुधवार, २६ नोव्हेंबर
केळी खाल्ली. साली ड्रममध्ये.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
तीन अटी लिहून मास्तरीणबाईंच्या दाराखालून आत सरकवल्या. एक, माफी. दोन, शेगडी परत. तीन, माफी. उत्तर नाही. फोडणीचा वास मात्र वर येतो. मुद्दाम.
केळी.

शनिवार, २९ नोव्हेंबर
डबे पंधरा. गेलेली गिऱ्हाईकं सगळी परत आली, बदली झालेलेसुद्धा. पंधरावा डबा माझा. दुपारी लेक तो घेऊन आली. नाकावर रुमाल होता, उंबऱ्याच्या आत आली नाही. विचारलं, आई काही म्हणाली का? म्हणाली, हो, डबा धुऊन द्यायचा आणि हाडं परत पाठवायची नाहीत. आता सगळ्यांनाच हा नियम आहे. विचारलं, माझ्याबद्दल काही? तिने जरा आठवून बघितलं. म्हणाली, नाही. मग दोन पायऱ्या उतरून म्हणाली, बाबा, गरम आहे तोवर जेवा.
कोणाचा डबा ते कळावं म्हणून झाकणावर चिठ्ठी चिकटवतात. शिंपी, औषधवाले, बँकवाले. माझ्या झाकणावर मास्तरीणबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: वरचे.
जेवलो. हळद कमी होती. चव चांगली होती. हाडं तीन निघाली, ती ताटाच्या कडेला लावून बराच वेळ बघत बसलो. डबा दोनदा घासला.
उद्या रविवार. रविवारी डबे बंद असतात.