पहिला घाणा स्वराचा

प्रिय आत्याबाई,

आज वसुबारस. गाय-वासराची पूजा झाली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजीही झाली. मग ओट्याला टेकून बसले. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. मला भीती वाटतेय, आणि जिला सांगावं ती सासूच घरात नाही. म्हणून लिहितेय.

भीती डब्यांची आहे. दुःखाचं वर्ष, म्हणून आपण कढई चढवायची नाही. फराळ भावकीतून यायचा. रीत मायेचीच आहे हो. पण प्रत्येक डब्यात मैद्याच्या करंज्या, शंकरपाळे आणि त्यांचा चुरा लागलेले लाडू! आणि घरात तुमची सात वर्षांची नात, जिच्या पोटाला गव्हाचा कणही सोसत नाही.

तुमच्या तेराव्याला काय झालं, ते तुम्हाला कुठे ठाऊक? पुऱ्यांच्या तेलात तळलेलं भजं कुणीतरी लाडानं स्वराच्या हातावर ठेवलं. उलट्या, जुलाब, शेवटी सलाईन. सुईसाठी तिची शीर सापडेना, आणि मी तिथं उभी राहून तुम्हालाच हाका मारत होते.

तुम्हाला तरी आधी कुठे पटलं होतं? "गहू कुनाला बादतो व्हय? अन्न हाय ते!" किती भांडलात नगरच्या डॉक्टरांशी! मग परत येताना जामखेडच्या एसटी स्टँडवर उतरलात आणि म्हणालात, "वसुबारशीला आपन न्हाई का गहू सोडत? पोरीची रोजच वसुबारस."

झालं! हिंगात गव्हाचं पीठ असतं कळल्यावर फोडणीतला हिंग गेला. गिरणीत गहू दळतात म्हणून माळ्यावरचं जातं खाली आलं. तिच्या डब्यांना लाल दोरे बांधलेत. आणि दिवाळीत कोऱ्या तेलातला पहिला घाणा तिच्या चकल्यांचा, मगच देवाच्या करंज्या. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी, आमच्या काकींनी, नाक मुरडलं, तेव्हा केवढ्यानं म्हणालात, "देव थांबंल. पोर थांबायची न्हाई!"

तुम्ही म्हटलं की ते शास्त्र. मी म्हटलं की शिकलेल्या सुनेची थेरं! सगळा धाक बरोबर घेऊन गेलात. थोडा माझ्यासाठी ठेवायला काय झालं होतं?

आज त्याच काकी खर्ड्याहून डबा घेऊन आल्या. मी चहा टाकून बाहेर येते, तर स्वराच्या हातात चकली! "तांदळाचीच हाय, खा बाळा," काकी म्हणत होत्या. मी ती काढून घ्यायला पुढे झाले.

स्वरानं चकली तोंडापाशी नेली. थांबली. म्हणाली, "धाकटी आजी, ही पहिल्या घाण्यातली हाय का?"

"न्हाई गं. आदी करंज्या तळल्या, मग चकल्या."

तिनं चकली डब्यात परत ठेवली आणि मोरीत जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होती. मी गेले तर रडत होती. "आई, या दिवाळीला मला काहीच न्हाई का?"

मी तिथंच म्हणून टाकलं, उद्या आपण तळण काढू. काकींचा चेहरा उतरला. "वर्साच्या आत कढई चढवू नगं गं, मनीषा. थोरल्या बाईचा जीव तिथं तळमळंल."

खरंच तळमळेल का हो? या एका विचारानं मी दुपारपासून धास्तावलेय. एकीकडे तुम्ही, एकीकडे स्वरा. ह्यांना विचारलं तर नुसतं "बघ तुला काय वाटतं ते." म्हणजे पुन्हा मीच!

आजवर तळणाला तुम्ही बसायचात, मी फक्त चकल्या पाडून द्यायचे. तेल तापलंय हे मला अजून धूर निघाल्यावरच कळतं. तरी कढई घासून ठेवलीय, भाजणी जात्यावर काढलीय. हात अजून दुखतायत.

एक वचन देते. मी कितीही भ्याले, भावकी काहीही बोलली, तरी या घरात पहिला घाणा स्वराचाच निघेल. या वर्षी, आणि माझ्या हातात झारा आहे तोवर. तुमच्या फोटोपुढे नैवेद्य ठेवीन तो दुसऱ्या घाण्यातला.

देव थांबायचा. तुम्हीही थांबाल ना?

तुमची भित्री सून,
मनीषा